निरंक वसाहतीतले बोरकुटे

गुणवंत बोरकुटे यांच्याइतका तुच्छतेनं काठोकाठ भरलेला माणूस मी दिल्लीत दुसरा पाहिला नाही, आणि दिल्लीत तुच्छतेची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. केंद्र सरकारच्या एका आकडेवारीच्या कार्यालयात आमचा विभाग देशातल्या शहरांच्या सोयी मोजायचा. प्रत्येक नगरपालिकेकडून एक छापील तक्ता यायचा. दवाखान्यात खाटा किती, वाचनालयं किती, सार्वजनिक नळ किती, मुतार्‍या किती, स्मशानं किती, पोस्ट आहे का, नाट्यगृह आहे का. जिथं काही नसेल तिथं बाकीचे लोक शून्य लिहायचे. बोरकुटे 'निरंक' म्हणायचे. त्यांचे वडील वर्ध्याकडच्या एका तहसील कचेरीत कारकून होते आणि हा शब्द त्यांनी तिथून वारशात आणला होता. शून्य म्हटलं की नुसता आकडा वाटतो, निरंक म्हटलं की कोणीतरी जाऊन, बघून, खात्री करून रिकाम्या हातानं परत आलंय असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं.

तक्ता हातात आला की ते आधी लोकसंख्या बघायचे आणि मग सोयी. एकदा बावीस हजार वस्तीच्या एका गावानं तीन वाचनालयं लिहून पाठवली. बोरकुट्यांना संशय आला. त्यांनी तिथल्या मुख्याधिकार्‍याला फोन लावला. तो माणूस दुखावला गेला आणि त्यानं तिन्ही वाचनालयांच्या वेळा, सुट्टीचे वार आणि एका ग्रंथपालाच्या दम्याची हकीकतही ऐकवली. त्याच आठवड्यात साडेचार लाखांच्या एका शहराचा तक्ता आला, वाचनालय निरंक. बोरकुट्यांनी तिथंही फोन केला. पलीकडच्या अधिकार्‍यानं बराच वेळ विचार करून विचारलं, "वाचनालय मतलब, प्राइव्हेट कोचिंगवाला?"

तेव्हापासून त्यांच्या लेखी देशात दोनच प्रकारची शहरं उरली, कमावलेली आणि फुगलेली. कमावलेल्या शहराला त्याच्या अंगापेक्षा जास्त अक्कल असते. फुगलेल्याचं नुसतं अंग वाढतं, अवयव फुटतच नाहीत. दिल्लीच्या आसपासची सगळी नवी शहरं ते दुसर्‍या खात्यात टाकायचे. गुडगावचं नाव निघालं की डबा बंद करायचे, जेवण राहिलं तरी चालेल.

स्वतः ते आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहात होते. त्या वस्तीचीही त्यांना चीड होती, पण उलट्या कारणानं. दहा मिनिटांच्या चालण्यात शाळा, दवाखाना, पोस्ट, भाजीचा बाजार, दुधाचं बूथ, बागा, बसथांबे. जिल्ह्याच्या गावाला जे वीस वर्षं अर्ज करून मिळत नाही ते इथं एका सेक्टरला फुकट. "सरकारनं आपल्या नोकरांसाठी ताट वाढून घेतलं आणि उरलेला देश पंगतीत बसवून ठेवला," असं ते म्हणायचे, आणि त्याच ताटात जेवायचे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर ते जेवतही नव्हते. त्या सोयी वापरायच्या त्यांच्या पत्नी, चंद्रप्रभावहिनी. त्या जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवायच्या. सकाळी चालत शाळा, परतताना दवाखान्यातून थायरॉइडच्या गोळ्या, पोस्टात बहिणीला पत्र, शनिवारी वाचनालय, महिन्यातून दोनदा बसनं महाराष्ट्र मंडळ. बोरकुट्यांनी एकतीस वर्षांत एकदाही पोस्टात पाय ठेवला नसेल. देशात पोस्टं किती आहेत हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

साहेब निवृत्त झाले त्याच्या आदल्याच वर्षी वहिनीही निवृत्त झाल्या होत्या. क्वार्टर सोडण्याची मुदत सुरू झाली. मुलगा नचिकेत गुडगावला आयटीत. त्यानं सगळं ठरवलं होतं. फरीदाबादला कालव्यापलीकडे, ज्याला तिथले लोक नहरपार म्हणतात, एका नव्या वसाहतीत तेराव्या मजल्यावर फ्लॅट. वसाहतीचं नाव निम्मं इंग्रजी आणि निम्मं फ्रेंच आहे. तिथं राहणार्‍या कोणालाही ते नीट उच्चारता येत नाही, रिक्षावाले तर 'बड़ा गेट' एवढंच म्हणतात, म्हणून मी ते लिहायच्या भानगडीत पडत नाही. माहितीपत्रकावर तळं होतं, तळ्यात हंस होते. नचिकेत म्हणाला, "बाबा, सगळं आतच आहे. बाहेर जायची गरजच नाही."

बोरकुट्यांनी विचारलं, की ज्या शहरातून बाहेर जायची गरज पडत नाही त्याला तुरुंग सोडून दुसरा शब्द आहे का. नचिकेतनं आईकडे बघितलं. आई सामान बांधत होती.

ते राहायला गेल्यावर महिन्याभरानं एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. मेट्रोतून उतरून दोन रिक्षा बदलल्या, शेवटचा दीड किलोमीटर चाललो, कारण रिक्षांना बड्या गेटच्या आसपास थांबायला मनाई होती. बोरकुटे दार उघडायलाच तयार उभे होते. इतकं खूश मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. टेबलावर जुन्या पद्धतीचं आखलेलं रजिस्टर होतं. महिनाभर सकाळ-संध्याकाळ चालून त्यांनी सगळी वसाहत आणि तिला चिकटलेले चार सेक्टर पायाखाली घातले होते.

"जयंत, लिहून घे," ते म्हणाले, जणू मी अजून त्यांच्या हाताखालीच होतो. "वस्ती अंदाजे एक लाख चाळीस हजार. पोस्ट निरंक. वाचनालय निरंक. सरकारी दवाखाना निरंक. बसथांबा निरंक. सार्वजनिक मुतारी निरंक. स्मशान निरंक, म्हणजे इथं माणसानं मरायचंही नाही. आता इकडे बघ. जिम एकेचाळीस. लग्नाचे हॉल एकोणीस. प्रॉपर्टी डीलर दोनशे तेरा. कुत्र्यांचे केस कापायची दुकानं सहा."

"कुत्र्यांसाठी दवाखाना आहे ना?" मी विचारलं.

"दोन आहेत. एकात रात्रपाळीचा डॉक्टर आहे."

ते असं बोलत असताना वहिनी चहा घेऊन आल्या आणि खिडकीपाशी बसल्या. खिडकीतून दुसर्‍या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. मी विचारलं, कसं वाटतंय. त्या म्हणाल्या, छान आहे, वारा खूप येतो. मंडळात गेलात का, या प्रश्नाला त्या नुसत्या हसल्या. मंडळात जायचं तर नचिकेतला फोन करायचा, त्यानं मोबाइलवरून गाडी बोलवायची, गाडीवाल्यानं दोनदा नकार द्यायचा. त्यांनी तो नाद सोडला होता. नंतरच्या प्रत्येक भेटीत मला त्या त्याच खिडकीपाशी दिसल्या. बोरकुट्यांना त्या तशा दिसल्या नाहीत. त्यांचं लक्ष रजिस्टरमध्ये होतं.

वर्षभरानं वसाहतीच्या समितीचे सचिव जयदीप त्यांच्या दारात उभे राहिले. वय चाळीसच्या आत, पुण्याचे, एका कंपनीत मार्केटिंगमध्ये. मराठी माणूस, शिवाय शहरांच्या आकडेवारीतला तज्ज्ञ, चौदाव्या टॉवरमध्ये राहतो आणि आपल्याला पत्ताच नाही, याचा त्यांना फार आनंद झाला होता. कुठली तरी एक खाजगी संस्था 'राहण्यासाठी सर्वोत्तम वसाहती' निवडत होती. अडतीस प्रश्नांचा फॉर्म होता. काकांनी भरून दिला तर वजन पडेल, असं जयदीप म्हणाले.

काकांनी दोन दिवस खपून फॉर्म भरला. एकतीस ठिकाणी निरंक. खाली सही आणि निवृत्त पदनाम.

जयदीपनी तो वाचला आणि ते मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता तो. ज्यांना स्वतःच्या खोटेपणाचा पत्ताच नसतो त्या जातीचा होता आणि ही जात अत्यंत मनमिळाऊ असते.

"काका, असं निल निल नाही लिहायचं. 'विदिन ट्वेंटी मिनिट्स' असं लिहायचं. हॉस्पिटल, विदिन ट्वेंटी मिनिट्स. लायब्ररी, विदिन ट्वेंटी मिनिट्स."

"कशानं वीस मिनिटं?"

"म्हणजे?"

"पायी, सायकलनं, बसनं, की गरुडावर बसून?"

"गाडीनं, काका. इथं सगळ्यांकडे गाडी आहे, यार."

बोरकुटे म्हणाले की त्यांच्याकडे नाही, आणि जयदीपच्या घरी भांडी घासायला येणारी बाई तीन किलोमीटर चालत येते तिच्याकडेही नाही. जयदीप म्हणाले, बिल्कुल, बिल्कुल, आणि फॉर्म घेऊन गेले. सगळ्या निरंकांवर पांढरी शाई लावून त्यांनी वीस-वीस मिनिटं लिहिली. पोहण्याचा तलाव एकच होता. तो क्रीडा, आरोग्य, ज्येष्ठ नागरिक, बालविकास आणि जलसंधारण अशा पाच प्रश्नांत मोजला. सही मात्र तशीच राहू दिली.

वसाहतीला तिसरा क्रमांक मिळाला. क्लबहाउसमध्ये समारंभ ठेवला. मलाही बोलावणं होतं. दोन-तीनशे लोक होते, चेहर्‍यावर बक्षिसाचा तुकतुकीत आनंद. जणू दवाखाना नसण्याची ही स्पर्धा ते कष्टानं जिंकले होते. स्वागताला पनीरचे आठ प्रकार होते. 'तज्ज्ञ सल्लागार' म्हणून बोरकुट्यांना मंचावर बसवलं होतं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं होतं.

त्यांनी खिशातून कागद काढला आणि मूळ फॉर्म हिंदीत वाचायला सुरुवात केली. "पुस्तकालय, निरंक. डाकघर, निरंक. सरकारी औषधालय, निरंक." आवाज खणखणीत होता. आता दंगा होणार असं मला वाटलं. पण श्रोत्यांत मोबाइल चालू होते, पोरं धावत होती, आणि जे ऐकत होते त्यांना तो शब्द कळला नव्हता. संस्कृत वाटणार्‍या गोष्टीला आपल्याकडे आदर असतोच. कोणीतरी टाळी वाजवली. पुढच्या निरंकाला आणखी काही जणांनी वाजवली. एकतिसावा निरंक झाला तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक घेऊन म्हणाली, "सर के इन प्यारे शब्दों के लिए एक बार फिर ज़ोरदार तालियाँ."

बोरकुटे खाली आले. त्यांचा चेहरा उजळला होता. घरी जाताना लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, की एवढं सुंदर दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ह्या लोकांना शिवी दिली तरी ते पावती फाडतील. घरात शिरल्यावरही ते बोलतच होते. तक्ता आपण वाचला, लोक हे असे, आता ह्यावर लेख लिहायचा. वहिनी चपला काढून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग खुर्चीत बसल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं तुम्ही देशभरातली निरंकं मोजलीत. कुठं एक नळ तरी बसवलात का?"

ते आपलं काम नव्हतं, असं काहीसं साहेब म्हणाले.

"बरोबर. तुमचं काम तुच्छ मानण्याचं होतं. ते तुम्ही चोख केलंत. मी तीन महिने थायरॉइडची गोळी एका दिवसाआड घेते आहे. दवाखाना अकरा किलोमीटरवर आहे. नचिकेतला किती वेळा सुट्टी काढायला लावू? तुम्ही तर रोज दवाखाना निरंक म्हणून लिहिता. तुमच्या मनात एकदाही आलं नाही, की मग हिच्या गोळ्या कुठून येतात?"

मी तिथं असायला नको होतो. मी पाण्याचा ग्लास उगाच स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परत आलो तेव्हा बोरकुटे रजिस्टर शेल्फवर ठेवत होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्या माणसानं आम्हा सगळ्यांना फुगलेले म्हणून हिणवलं होतं.

दुसर्‍या दिवशी सकाळी ते वहिनींचं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन दवाखान्यात गेले. चालत, मग रिक्षानं, मग दुसर्‍या रिक्षानं, मग पुन्हा चालत. रांगेत तीन तास गेले. खिडकीवर कळलं की कार्ड अजून आर. के. पुरमच्या दवाखान्याला जोडलेलं आहे. आधी ते बदलून आणा. ते कार्यालय दिल्लीत. दुपारी साडेचारला ते रिकाम्या हातानं घरी परतले. कार्ड बदलून गोळ्या हातात पडायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत ते चार वेळा दिल्लीला गेले आणि त्यांनी मला एकदाही फोन करून कोणाला शिव्या दिल्या नाहीत.

त्यानंतर ते नगररचना कार्यालयात गेले. आकडेवारीत आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: प्रत्येक वसाहतीचा एक मंजूर आराखडा असतो आणि त्यात सगळ्या सोयी रंगवलेल्या असतात, कारण त्याशिवाय मंजुरीच मिळत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करून, दोनदा अपील करून त्यांनी त्याची प्रमाणित प्रत मिळवली. गेटच्या उजवीकडे पाऊण एकराचा एक तुकडा निळ्या रंगात दाखवला होता. दवाखाना, वाचनालय, बसथांबा. प्रत्यक्षात त्या तुकड्यावर बिल्डरचं विक्री कार्यालय होतं. पुढं कारंजं. आत नमुन्याचा फ्लॅट, नमुन्याच्या फ्लॅटमध्ये पुठ्ठ्याची पुस्तकं.

बोरकुट्यांना वाटलं, आता काम झालं. लोकांची जागा लोकांपासून लपवली होती, हे दाखवलं की लोक पेटून उठतील. त्यांच्यासारख्या माणसाकडे इतका भाबडेपणा शिल्लक होता याचं मला आश्चर्य वाटलं. रहिवाशांच्या बैठकीत त्यांनी आराखडा भिंतीला लावला. मी मागं बसलो होतो. मग मयुरा नावाची एक बाई उठली. मुंबईची, एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागाची प्रमुख. हुशार आणि स्पष्ट बोलणारी.

"काका, फ्री डिस्पेन्सरी आली की बाहेर लाइन लागणार," ती म्हणाली. "त्या लाइनीत कोण उभं असणार? आपण नाही. ड्रायव्हर, बाया, पलीकडच्या गावातले लोक. बसस्टॉप आला की तेच. आज आपल्या गेटसमोर कारंजं आहे."

कोणी तिला विरोध केला नाही. जयदीपनी समजुतीच्या सुरात भर घातली, की काकांचा मुद्दा प्रिन्सिपली अगदी करेक्ट आहे, पण अशानं रेट पडतो, आणि सगळ्यांची आयुष्यभराची कमाई त्यात आहे.

बोरकुट्यांनी आराखडा भिंतीवरून उतरवला, सावकाश घडी केली.

"मयुराताई, मी तुमचा आभारी आहे," ते म्हणाले. "देशातल्या चार हजार शहरांचे तक्ते मी तपासले. इतकी वर्षं मला वाटायचं, सोयी नाहीत कारण कोणीतरी आळशी आहे, कोणीतरी चोर आहे. लोकांनाच त्या नको असतात, हे कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नव्हतं."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. ज्या तुच्छतेनं ते एखाद्या शहराचा उल्लेख करायचे ती तुच्छतासुद्धा त्यांनी त्या लोकांवर खर्च केली नाही. मी मात्र केली. मी त्या तीस-चाळीस माणसांकडे बघत होतो. प्रत्येकाचे आईबाप कुठल्या तरी छोट्या गावातल्या सरकारी शाळेत शिकलेले, पालिकेच्या दिव्याखाली अभ्यास केलेले, सरकारी दवाखान्यात जन्मलेले. शिडी चढून वर आलेली ही माणसं आता शिडी वर ओढून घेत होती आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरत होती.

ह्यानंतर बोरकुट्यांनी जागेसाठी दावा लावला. एकट्यानं. तो अजून चालू आहे, आणि तारखांची हकीकत सांगण्यात मला रस नाही. सांगण्यासारखं जे घडलं ते वहिनींनी केलं.

त्यांनी भूगोलाच्या बाईसारखा एक नकाशा काढला. कालव्यापलीकडचं गाव, बडं गेट, मधले सेक्टर, शाळा, दवाखाना, मेट्रो स्टेशन. सात थांबे. बाजूला कोणत्या थांब्यावरून सकाळी किती माणसं चालत जातात ते लिहिलं. हे आकडे मात्र बोरकुट्यांनी पुरवले. तीन आठवडे ते पहाटे साडेपाचला उठून रस्त्याच्या कडेला उभे राहून माणसं मोजत होते. मग वहिनी सह्या गोळा करायला निघाल्या. वसाहतीतल्या फ्लॅटवाल्यांच्या सह्या मिळाल्या नऊ. त्यातल्या दोघांनी नंतर फोन करून मागं घेतल्या. कामवाल्या बाया, पहारेकरी, माळी, ड्रायव्हर, गावातले लोक यांच्या सह्या आणि अंगठे सहाशेबारा. अर्ज वहिनींनी हिंदीत लिहिला, दीड पान, एकही विशेषण नाही.

शहर बससेवेच्या कार्यालयात त्या चौदा वेळा गेल्या. दर वेळी बोरकुटे बरोबर असायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे, कारण आत गेलो तर मी काहीतरी बोलेन, असं त्यांनीच कबूल केलं होतं. एकदा आतल्या साहेबानं वहिनींना सांगितलं, की ती हायफाय सोसायटी आहे, तिथं बसला सवारी मिळणार नाही. वहिनींनी नकाशा त्याच्यासमोर पसरला आणि म्हणाल्या, "सोसायटी में चार हज़ार घर हैं, साहब. हर घर में कोई झाड़ू लगाने आता है. वो उड़कर नहीं आता."

पुढच्या मार्चमध्ये बस सुरू झाली. सकाळी तीन फेर्‍या, संध्याकाळी तीन. थांबा गेटसमोर मिळाला नाही. समितीनं कारंज्याच्या सौंदर्याचा मुद्दा लेखी मांडला होता. दोनशे पावलं पुढं, एका विजेच्या खांबाला पाटी ठोकली. पहिल्या आठवड्यातच बस भरून जायला लागली. त्याच महिन्यात प्रॉपर्टी डीलरांच्या फलकांवर 'उत्कृष्ट बससेवा' हे शब्द आले. समितीच्या वार्षिक अहवालात तो जयदीप यांच्या पाठपुराव्याचा परिणाम असल्याचं छापलं गेलं. अहवालात जयदीपचा बसजवळ उभा फोटो आहे. फोटो काढून ते गाडीत बसून ऑफिसला गेले. वहिनींनी अहवाल वाचला आणि भाजी निवडायला खाली पसरला.

बोरकुट्यांचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. आजही गुडगावचं नाव निघालं की त्यांचा चेहरा वाकडा होतो. लिफ्टमध्ये लोक त्यांना बघून मोबाइल काढतात, कारण दाव्यामुळे रेट पडेल अशी भीती अजून आहे. मयुरा तेवढी नमस्कार करते. तिनं एकदा त्यांना थांबवून सांगितलं, की तिच्या घरची बाई आता वेळेवर येते. बोरकुटे म्हणाले, ती पूर्वीही वेळेवरच निघत होती.

फरक एवढाच पडला, की महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोळ्या आणायला ते स्वतः जातात आणि रांगेत दुसर्‍यांचे फॉर्मही भरून देतात. रेवती नावाची एक म्हातारी विधवा आहे, नागपूरकडची, तिचं कार्ड तीन वर्षं अडकलं होतं. ते त्यांनी सोडवून दिलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं.

आणि माझं म्हणाल, तर मी गेल्या वर्षी मानेसरच्या बाजूला फ्लॅट घेतला. सव्वीस टॉवर, तीन क्लबहाउस. पोस्ट कुठं आहे हे मी विचारलं नाही. विक्री करणार्‍या मुलानं तळं दाखवलं आणि मी सही केली. बोरकुट्यांना सांगायला धीर होईना, म्हणून सहा महिने मी त्यांच्याकडे फिरकलोच नाही. शेवटी गेलो तेव्हा वहिनी घरी नव्हत्या. मंगळवार होता, मंगळवारी त्या दहाच्या बसनं मेट्रो गाठून दिल्लीला मंडळात जातात. साहेबांनी स्वतः चहा केला, फार गोड. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कपाटातून कोरे आखलेले कागद काढले, त्यातले पाच-सहा माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, "मंजूर आराखड्यासाठी अर्ज हिंदीत कर. इंग्रजीत केलास तर ते तीन महिने जास्त लावतात."